पायांच्या मुंग्या आणि घरातला वारसा

खानदेशात चाळिशी ओलांडलेली चार माणसे एकत्र बसली, की त्यांतला एक तरी तळपायांच्या तक्रारीवर येतो. कुणाला मुंग्या येतात, कुणाच्या तळव्यांची रात्रभर आग होते, कुणाला पायातली चप्पल निसटली तरी पत्ता लागत नाही. ‘पायले मुंग्या येतस’ एवढे म्हटले की पुढचा सल्ला ठरलेलाच असतो. काशाच्या वाटीने तळवे घासा, नाहीतर मेडिकलमधून ‘नसेच्या गोळ्या’ आणा. काशाच्या वाटीने नुकसान काही होत नाही, थोडे बरेही वाटते. गोळ्यांमधल्या ब जीवनसत्त्वाने कधी फायदा होतो, कधी होत नाही. मुंग्या कशामुळे येतात हे मात्र अनेक घरांत वर्षानुवर्षे कळत नाही. आईला होते, मामाला होते, आता मुलाला सुरू झाले, हेही सगळ्यांना माहीत असते. पण ते डॉक्टरला सांगायचे असते असे कुणाला वाटत नाही आणि गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरही विचारत नाहीत.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत या न विचारलेल्या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. हातापायांच्या मज्जातंतूंना इजा करणारी जवळपास सगळी कारणे येथे एकाच ओपीडीच्या रांगेत उभी असतात. मधुमेह आहे, बी-१२ ची कमतरता आहे, क्षयरोगाची औषधे आहेत, दारू आहे, कापसावरची फवारणी आहे आणि कुष्ठरोगही अजून गेलेला नाही. यातल्या प्रत्येक कारणाला आनुवंशिकतेची एक बाजू आहे. कुठे ती ठळक आहे, कुठे नुसता कल आहे. ती बाजू लक्षात घेतली नाही, तर निदान चुकते आणि चुकलेल्या निदानाची किंमत काही घरांत एका बोटाने, काही घरांत अख्ख्या पावलाने चुकती करावी लागते.

मुळात मराठीत ‘नस’ हा शब्दच घोटाळ्याचा आहे. रक्तवाहिनीलाही नस म्हणतात आणि मज्जातंतूलाही. त्यामुळे पाय बधिर झाला की ‘रक्त पोचत नाही’ असा समज होतो. रक्तपुरवठा कमी होण्याचा आजार वेगळा. येथे बिघाड असतो तो तारांमध्ये. मेंदू आणि मणक्यातून निघून हातापायांच्या टोकापर्यंत जाणाऱ्या या तारांच्या आजाराला ‘पेरिफेरल न्यूरोपॅथी’ म्हणतात. पायाच्या बोटांपर्यंत पोचणारा मज्जातंतू जवळजवळ एक मीटर लांब असतो. त्याच्या टोकाला लागणारे पोषण त्याच पेशीच्या आतून एवढे अंतर वाहून न्यावे लागते. म्हणून शरीरात काहीही बिघडले तरी सर्वात लांब तार आधी झिजते. सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून होते, बधिरपणा मोज्यासारखा वर चढतो आणि तो गुडघ्याच्या आसपास आला की मग हातांची बोटे धरतात. एकाच पायात, कमरेपासून कळ मारत येणारी तक्रार ही बहुधा मणक्याची असते. ती गोष्ट वेगळी.

सर्वात मोठे कारण अर्थातच मधुमेह. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यानुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मधुमेहींपैकी सुमारे निम्म्यांना आयुष्यात कधी ना कधी न्यूरोपॅथी होते. काहींच्या बाबतीत तर साखर पहिल्यांदा सापडते त्याच दिवशी पायांची संवेदना कमी झालेली आढळते, कारण साखर कित्येक वर्षे गुपचूप वाढलेली असते.

पण दोन भावांची साखर सारखीच, वर्षेही सारखीच, आणि एकाचे पाय ठणठणीत तर दुसऱ्याला तळव्याखाली खडा रुतला तरी कळत नाही, असे दिसते. याचा काही भाग उंची, तंबाखू, दारू, रक्तदाब यांत सापडतो. काही भाग जनुकांत आहे. मात्र मधुमेही न्यूरोपॅथीचे असे एक जनुक नाही. अनेक जनुकांचे लहान लहान परिणाम एकत्र येऊन पारडे थोडे झुकवतात. त्यासाठी आज कोणतीही रक्ततपासणी विकत घेण्यात अर्थ नाही, जाहिराती काहीही म्हणोत. आईवडिलांच्या पायांना जखमा झाल्या होत्या का, कुणाचे बोट काढावे लागले का, हा प्रश्न त्या तपासणीपेक्षा जास्त सांगतो आणि फुकट आहे.

वारसा कधी कधी तपासणीच्या आकड्यालाही फसवतो. सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर, तसेच १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग असलेले नंदुरबार, या पट्ट्यातल्या भिल्ल, पावरा समाजात सिकलसेलचे रुग्ण आणि वाहक आढळतात. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी ‘एचबीए-१सी’ ही तपासणी लाल पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. सिकलसेलच्या रुग्णात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे हा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकतो. लोह कमी असलेल्या पांडुरोगात उलट तो जास्त येऊ शकतो. म्हणजे रिपोर्ट ‘नॉर्मल’ आणि पाय बधिर, अशी विसंगती दिसली तर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर थेट मोजणे हाच मार्ग उरतो. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली, कार्डे वाटली गेली. ते कार्ड मधुमेहाच्या तपासणीच्या वेळी दाखवायचे असते, हे कार्डधारकाला सांगितले जाते का, हा प्रश्न आहे.

बी-१२ चा विषय पुण्याशी जोडलेला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले मिळून ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांमध्ये बी-१२ कमी निघाले, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांमध्ये. शाकाहार हे मोठे कारण, कारण बी-१२ फक्त दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. खानदेशात शाकाहारी आणि माळकरी घरे पुष्कळ. ज्वारी-बाजरीची नाहीतर कळण्याची भाकरी, ठेचा, भरीत, डाळ हा आहार पोटभर आणि चांगला आहे, पण त्यात हे जीवनसत्त्व नाही. ताक-दूध किती पोटात जाते त्यावर सगळे अवलंबून.

मात्र सगळा दोष ताटाचा नाही. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी पुण्याच्या गटासोबत केलेल्या जनुकीय अभ्यासात, भारतीयांच्या रक्तातल्या बी-१२ च्या पातळीशी निगडित असे ‘एफयूटी-६’ या जनुकाच्या परिसरातले बदल सापडले. म्हणजे एकाच चुलीवरचे जेवण जेवणाऱ्या दोघांची पातळी वेगळी असण्यामागे घराण्याचाही हात असू शकतो. त्यात भर औषधाची. मधुमेहासाठी सर्वाधिक दिले जाणारे मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ चे शोषण घटते. औषध उत्तम आहे, ते सोडायचे नाही. पण दहा वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या शाकाहारी माणसाचे पाय बधिर झाले की ‘साखरेमुळेच’ म्हणून मोकळे होणे चूक आहे. मधुमेहामुळे झालेली इजा भरून येणे अवघड. बी-१२ मुळे झालेली, वेळेत पकडली तर बरीचशी भरून येते. दोन्हींची तक्रार सारखीच असल्याने एका रक्ततपासणीवाचून हा फरक कळत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला ब जीवनसत्त्वाचा अतिरेक आहे. ‘नसेच्या गोळ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मिश्रणांत बी-६ बरेच असते. बी-६ कमी पडले तरी न्यूरोपॅथी होते आणि जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतले तरीही होते. चिठ्ठीशिवाय वर्षानुवर्षे त्या गोळ्या खाणाऱ्याला हे कुणी सांगत नाही.

बी-६ वरून क्षयरोगाकडे यावे लागते, कारण वारसा आणि न्यूरोपॅथी यांचा सर्वात स्पष्ट, सर्वात जुना धडा तिथे आहे. आयसोनियाझिड हे औषध १९५२ पासून क्षयरोगाविरुद्ध वापरात आहे. काही वर्षांतच लक्षात आले की काही रुग्णांचे हातपाय त्याने बधिर होतात, काहींचे होत नाहीत. औषध शरीराबाहेर टाकण्याचा वेगच माणसागणिक वेगळा होता. तो वेग आईवडिलांकडून येतो, हे इंग्लंडचे डॉ. डेव्हिड प्राइस इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये कुटुंबे तपासून दाखवले. आज त्या जनुकाचे नाव ‘नॅट-२’ म्हणून माहीत आहे. ज्यांच्यात ते संथ चालते त्यांच्या रक्तात औषध जास्त वेळ रेंगाळते, शरीरातले बी-६ निकामी होते आणि मज्जातंतू झिजतात. भारतात झालेल्या बहुतेक अभ्यासांत निम्म्याहून अधिक लोक या संथ गटात मोडतात. म्हणजे हा काही दुर्मीळ दोष नव्हे.

उपाय इतका स्वस्त आहे की जनुक तपासायचीही गरज नाही. आयसोनियाझिडसोबत पिरिडॉक्सिनची, म्हणजे बी-६ ची छोटी गोळी. मधुमेही, कुपोषित, दारू पिणारे, गरोदर स्त्रिया आणि एचआयव्हीबाधित यांना ती द्यायलाच हवी. गोळ्यांच्या पाकिटात ती आहे की नाही हे घरच्यांनी पाहिले पाहिजे आणि मुंग्या सुरू झाल्या तर औषध परस्पर बंद न करता आरोग्य केंद्रात सांगितले पाहिजे. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगासाठी भारतात २०२४ मध्ये मान्यता मिळालेल्या नव्या सहा महिन्यांच्या उपचारात लिनेझोलिड आहे. त्याचाही मज्जातंतूंवर परिणाम होतो. परदेशातील पहिल्या मोठ्या चाचणीत दिवसाला १२०० मिलिग्रॅम मात्रा घेतलेल्या ८१ टक्के रुग्णांना न्यूरोपॅथी झाली होती. आता मात्रा निम्मी, ६०० मिलिग्रॅम केली आहे आणि प्रमाण बरेच उतरले आहे. तरी ज्याला आधीच मधुमेह आहे, ज्याच्या घरात पायांच्या तक्रारी आहेत, त्याच्या पायांची तपासणी पहिल्या दिवशीच करून नोंदवून ठेवणे शहाणपणाचे. नाहीतर सहा महिन्यांनी नवे काय आणि जुने काय हे ठरवता येत नाही.

फवारणीचा विषय थोडक्यात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले तेव्हा राज्य हादरले. खानदेशही कापसाचाच प्रदेश. सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या काही कीटकनाशकांची तीव्र विषबाधा झाल्यावर रुग्ण वाचतो, घरी येतो आणि दोन-तीन आठवड्यांनी त्याच्या पायांतली ताकद जाऊ लागते. ही उशिरा येणारी न्यूरोपॅथी असते. या विषांचे विघटन करणाऱ्या ‘पॉन-१’ या विकराची क्षमता आनुवंशिकतेने माणसागणिक कमी-जास्त असते. ‘मी इतकी वर्षे उघड्या अंगाने फवारतो, मला काही होत नाही’ म्हणणाऱ्याचे खरे असेलही. त्याच्या शेजारच्या पंपावरच्या मजुराचे तसे असेलच असे नाही.

आता या सगळ्यात सर्वात नाजूक प्रकरण. हातापायांच्या मज्जातंतूंना इजा करणारा खानदेशाचा जुना आजार कुष्ठरोग. त्याचे जंतू थेट मज्जातंतूंच्या वेष्टनातल्या पेशींत घर करतात, म्हणून चट्टा बधिर होतो, बोटे वाकडी होतात, पाऊल लोंबते. कुष्ठरोग आनुवंशिक नाही. तो जंतूने होतो आणि बहुविध औषधोपचाराने बरा होतो. बहुसंख्य लोकांची प्रतिकारशक्ती त्या जंतूला थारा देत नाही. ज्यांची देते त्यांत जनुकांचा काही वाटा असतो, एवढाच वारशाचा संबंध.

पण याच्याशी हुबेहूब दिसणारा, खरोखर वारशाने येणारा एक आजार आहे. फ्रान्सचे शार्को आणि मारी आणि इंग्लंडचे टूथ या तिघांनी १८८६ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला ‘शार्को-मारी-टूथ’ किंवा सीएमटी म्हणतात. दाताशी त्याचा काही संबंध नाही. साधारण अडीच हजारांत एकाला तो असतो असे मानले जाते. त्याचा सर्वात सामान्य प्रकार सतराव्या गुणसूत्रावरच्या ‘पीएमपी-२२’ या जनुकाची एक जादा प्रत असल्याने होतो, हे १९९१ मध्ये कळले. शाळकरी वयात मूल धावताना सारखे अडखळते, पावलाची कमान उंच होत जाते, पायाची बोटे आकड्यासारखी वळतात, पोटऱ्या बारीक होतात, पुढे हाताची पकड जाते. गंमत म्हणजे यात मुंग्यांची तक्रार बहुधा नसतेच. माणूस जन्मापासून तसाच असल्याने बधिरपणा हा त्याला बधिरपणा वाटत नाही. ‘आमच्या घरात सगळ्यांचे पाय असेच आहेत’ हे वाक्य, खरे तर निदानच, तो सहज बोलून जातो.

या आजारात मज्जातंतू जाड होतात, कोपराजवळ, गुडघ्याच्या बाजूला हाताला लागतात. कुष्ठरोगातही तेच होते. चट्टा नसलेला, फक्त मज्जातंतूंचा कुष्ठरोगही असतो. त्यामुळे वाकडी बोटे, लोंबणारे पाऊल आणि जाड मज्जातंतू घेऊन आलेल्या सीएमटीच्या रुग्णाला कुष्ठरोगी ठरवले जाण्याचा धोका भारतात नेहमीच राहिला आहे. उलटही घडते. मधुमेही म्हणून वर्षभर गोळ्या खाणाऱ्याला खरे तर कुष्ठरोग असतो. पहिल्या चुकीत एका कुटुंबावर नको तो शिक्का बसतो. दुसऱ्या चुकीत बरी होऊ शकणारी इजा कायमची होते, कारण कुष्ठरोगातली मज्जातंतूची ताजी इजा, साधारण सहा महिन्यांच्या आतली, स्टेरॉइडने सुधारू शकते. शिक्का किती खोल आहे हे कायद्यावरून कळते. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून काढायला २०१९ साल उजाडावे लागले.

दोन्ही वेगळे करण्याच्या खुणा आहेत. सीएमटी दोन्ही बाजूंना सारखा, हळूहळू, दशकानुदशके वाढतो आणि दर पिढीत दिसतो. कुष्ठरोग बहुधा एका बाजूला जास्त, एखाद्या मज्जातंतूत ठळक, आणि त्वचेवर न दुखणारा, न घाम येणारा चट्टा असतो. मज्जातंतूंतून विद्युत संदेश किती वेगाने जातो हे मोजणारी ‘नर्व्ह कंडक्शन’ चाचणी बरेच स्पष्ट करते. जनुकतपासणीची वेळ आलीच, तर एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘एक्झोम’ या महागड्या तपासणीत पीएमपी-२२ ची जादा प्रत निसटू शकते. ‘एमएलपीए’ नावाची साधी, स्वस्त चाचणी ती अचूक पकडते. आधी ती मागावी.

निदान होऊन उपयोग काय, औषध तर नाही, असा प्रश्न येतोच. सीएमटीवर आज औषध नाही हे खरे. पण पाऊल उचलून धरणारा हलका पट्टा, बोटांची वेळेवर शस्त्रक्रिया आणि योग्य व्यायाम यांनी माणूस कामावर टिकतो. चालण्यात कायमचे अपंगत्व आले असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळू शकते. त्या कायद्यातल्या २१ प्रकारांत कुष्ठरोगमुक्त व्यक्ती, सिकलसेल आणि दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. आणि एक कारण असे आहे की ज्यात निदानावर जीवनमरण ठरते. रक्ताच्या कर्करोगावर, लिम्फोमावर दिले जाणारे विनक्रिस्टिन हे औषध सीएमटीच्या रुग्णाला दिले, तर काही आठवड्यांत हातपाय लुळे पडू शकतात. अशा कित्येक रुग्णांचे सीएमटीचे निदान त्या दुर्घटनेनंतरच झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत. केमोथेरपीआधी ‘घरात कुणाच्या पायांची कमान अशी उंच आहे का’ हे विचारायला अर्धे मिनिट लागते.

या आजाराचे काही विरळ प्रकार दोन्ही पालकांकडून एकेक सदोष प्रत आली तरच होतात. मामाच्या मुलीशी लग्नाची चाल काही समाजांत आहे, तिथे ही शक्यता वाढते. नात्यात लग्न न करणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ समाजगटांपैकी ८१ गटांत, थोड्या पूर्वजांपासून सारा समाज वाढल्याच्या खुणा फिनलंडच्या किंवा अश्केनाझी ज्यू लोकांपेक्षाही ठळक आढळल्या. शेकडो वर्षे जातीतच लग्ने झाल्याचा हा हिशेब आहे. जीनोम इंडिया प्रकल्पातली दहा हजार भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली झाली, त्यातून अशा समाजनिहाय आजारांचा माग सोपा होईल. मात्र माहिती गावात पोचेल तेव्हा ती लग्नाच्या बोलणीत मुलीकडच्यांविरुद्ध वापरली जाण्याची भीती खोटी नाही. सीएमटीच्या सामान्य प्रकारात दोष वडिलांकडून येवो की आईकडून, प्रत्येक मुला-मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मीच असते, आणि एकाच घरात एक भाऊ धड चालू शकत नाही तर दुसऱ्याला काही जाणवतही नाही. ‘आईकडून आले’ हे बोल लावण्याला शास्त्राचा आधार नाही. लक्षणे नसलेल्या लहान मुलांची जनुकतपासणी करू नये, असाच तज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला आहे.

कारण कोणतेही असो, बधिर पायाचे पुढचे भवितव्य एकच असते, आणि याचा शोध भारतातच लागला. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये आले. तोवर समज असा होता की कुष्ठरोगात मांसच सडते आणि बोटे झडतात. ब्रँड यांनी दाखवले की बोटे रोगाने झडत नाहीत. दुखत नाही म्हणून माणूस भाजतो, कापून घेतो, जखमेवरच चालत राहतो आणि त्याने बोटे जातात. पुढे अमेरिकेत त्यांनी हीच दृष्टी मधुमेहींच्या पायांना लावली. आज मधुमेहाच्या दवाखान्यांत पायांच्या काळजीचे जे तक्ते लावलेले असतात त्यांचे मूळ असे कुष्ठरुग्णांच्या सेवेत आहे. कुष्ठरोग कार्यक्रमात मऊ एमसीआर रबराच्या चपला दिल्या जातात, जखमेची स्वतः काळजी घ्यायला शिकवले जाते. त्याच तालुक्यातल्या बधिर पायाच्या मधुमेहीला ना चप्पल मिळते ना शिकवणी. दोन खात्यांच्या दोन फायली, एवढाच त्याचा अडथळा.

खानदेशात तर पायाची परीक्षा हवामानच घेते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. देवळाबाहेर चप्पल काढून तापलेल्या फरशीवरून चाललेल्या मधुमेहीच्या तळव्याला फोड येतात आणि संध्याकाळी मोजा रक्ताने चिकटेपर्यंत त्याला कळत नाही. चैत्रात सप्तशृंगगडाच्या यात्रेला जळगाव-धुळ्यातून लाखो भाविक भर उन्हात पायी निघतात, त्यात अनवाणी जाणारेही असतात. आषाढीला मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी निघते. वाटेवर सेवा देणाऱ्या मंडळांकडे पाणी असते, लिंबू सरबत असते, पायांना मलम असते. तिथेच पावलांना बोट लावून संवेदना पाहणारा एक स्वयंसेवक बसवायला फार खर्च नाही. हिवाळ्यात उलट धोका: गरम पाण्याची पिशवी, शेकोटी, बधिर टाचेवर लावलेला बिब्बा.

ती तपासणी घरातही होते. माणसाने डोळे मिटायचे. दुसऱ्याने त्याच्या दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला एक-दोन सेकंद बोटाने हलका स्पर्श करायचा, दाबायचे नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पायाचे संरक्षण करणारी संवेदना गेल्याची शक्यता मोठी. इंग्लंडमधल्या इप्स्विच शहराच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. मुंग्या नसल्या तरी ती करावी, कारण आग होणारा पाय निदान तक्रार तरी करतो. पूर्ण बधिर झालेला करत नाही. वेदना कमी करणाऱ्या अॅमिट्रिप्टिलिन, प्रिगॅबॅलिन, ड्युलोक्सेटिन या गोळ्या झोप देतात, मज्जातंतू दुरुस्त करत नाहीत. आग थांबली म्हणजे आजार गेला असे नव्हे.

एक अपवाद मात्र स्पष्ट सांगायला हवा. मुंग्या सुरू होऊन काही दिवसांतच, कधी काही तासांत, पायांची ताकद जाऊ लागली आणि ती वर सरकू लागली, तर घराणे विचारत बसू नये, थेट मोठ्या रुग्णालयात जावे. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात ज्याची साथ आली तो गियाँ-बारे सिंड्रोम असा येतो. त्याचा संबंध वारशाशी नाही, बहुधा आधीच्या जुलाबाच्या जंतुसंसर्गाशी असतो.

यंत्रणेला नवे काही उभारावे लागणार नाही, ही यातली सोयीची बाजू. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा आशा सेविका जो ‘सीबॅक’ अर्ज भरतात, त्यात आईवडील-भावंडांना मधुमेह, रक्तदाब आहे का हा प्रश्न आहे. त्याच अर्जात पुढे हातापायांना मुंग्या, बधिरपणा, वाकडी बोटे, चालताना पायात अशक्तपणा हेही विचारलेले आहे, पण ते मुख्यतः कुष्ठरोगाच्या शोधासाठी. दोन प्रश्न एकाच कागदावर आहेत, एकमेकांशी बोलत मात्र नाहीत. मुंग्यांना ‘हो’ उत्तर आले की चट्टा शोधायचा आणि नाही सापडला तर प्रकरण मिटले. तिथेच साखर, बी-१२, पूर्वी घेतलेली क्षयरोगाची औषधे आणि ‘घरात आणखी कुणाचे पाय असे आहेत’ हा चौथा प्रश्न जोडता येईल. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याचे भाऊसाहेब हिरे महाविद्यालय त्याहून जुने. दोन्हीकडे कुष्ठरोग पाहणारे त्वचारोग विभाग आणि मधुमेह पाहणारे मेडिसिन विभाग एकाच आवारात आहेत. आठवड्यातला एक दिवस दोघांनी मिळून ‘पायांची ओपीडी’ चालवली, तर मुंग्या घेऊन आलेल्याला दोनदा केसपेपर काढावा लागणार नाही.

तोवर घरच्यांनी एक कागद करून ठेवावा. मधोमध रुग्ण, वर आईवडील, त्यांची भावंडे, त्यावर आजी-आजोबा, खाली मुले. ज्याला साखर होती त्याच्यापुढे तसे लिहावे, ज्याचे बोट गेले त्याच्यापुढे ते, ज्याची चप्पल पायातून निसटायची, जो लहानपणापासून पाय आपटत चालायचा, त्याचीही नोंद करावी. मामा आणि मावशी विसरू नयेत. त्याच कागदाच्या मागे सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावे, मेडिकलमधून आणलेल्या ‘नसेच्या गोळ्यां’सह.